उपाशी माश्यांचा अहवाल

सन २०४८. मंगळवार होता. सूर्यफुलाची काढणी होऊन महिना झाला होता. आप्पा एकेक मधपेटी मागून बोटभर उचलून बघत होते. आत मध किती, हे त्यांना हातालाच कळायचं.

"हलक्या पडल्या," ते म्हणाले. "पेटीपुढं मेलेली माशी एक नाही, आणि आत निम्म्याच राहिल्यात. हे कसं गं, शास्त्रज्ञबाई?"

त्यांची मुलगी प्रांजल बियाणं संशोधन केंद्रात होती. नव्या सूर्यफुलापासून मधमाश्यांना धोका नाही, हा अहवाल तिचाच.

"आम्ही सगळं तपासलंय, आप्पा. तुम्ही पेट्या सोडा, गुडघे सांभाळा," ती हसली. आप्पाही हसले.

बुधवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रांजल पेट्यांपाशी गेली. बारापैकी तीनच नांदत्या होत्या. तिची दहा वर्षांची वेदा मागोमाग आली.

"आई, ते सूर्यफूल विषारी आहे?"

"नाही. त्यात बाहेरून एक जनुक (सजीवाच्या पेशीतली, त्याचे गुण ठरवणारी सूचना) घातलंय. त्यामुळे तणनाशक (तण मारणारं औषध) फवारलं तरी हे पीक मरत नाही. बाकीचं सगळं जळतं."

"बाकीचं म्हणजे?"

"एकदांडी, माका, गोखरू. लोक आता बांधसुद्धा फवारतात."

"आणि माश्यांचं काय तपासलंस?"

"पिंजऱ्यात ठेवून त्यांना या सूर्यफुलाचे परागकण (फुलातली भुकटी, माश्यांचा पौष्टिक आहार) दिले. सोबत रोज ताजं साखरपाणी. साधं सूर्यफूल खाणाऱ्या माश्यांइतक्याच त्या जगल्या."

"रोज साखरपाणी? मग त्या उपाशी कशा राहतील?"

प्रांजलनं करपलेल्या बांधाकडं पाहिलं. सूर्यफूल फुलतं जेमतेम वीस दिवस. एरवी माशी जगते ती बांधावरच्या बारीकसारीक फुलांवर. ती गेली, की माशी चाऱ्यासाठी लांब लांब जाते, थकते आणि वाटेतच पडते. म्हणून पेटीपुढं मेलेली माशी दिसत नाही. जनुकानं माशीला मारलं नव्हतं. त्याच्या जोरावर माणसांनी तिचं ताट काढून घेतलं होतं. प्रयोगात चूक नव्हती. प्रश्नच अर्धा विचारला होता.

तेवढ्यात ओढ्याकाठच्या बांधावर घरघर ऐकू आली. शेजारचे नामदेवकाका फवारणीचा ड्रोन उडवत होते. सगळ्या शिवारात तेवढीच हिरवी पट्टी उरली होती.

प्रांजल धावत जाऊन बांधावर उभी राहिली. "काका, उतरवा ते! इथं फवारू नका."

"बाजूला हो पोरी, अंगावर उडंल. आणि आता काय झालं? माशीला काही होत नाही म्हणून सभेत तूच वाचून दाखवलंस की. आप्पा मागनं ओरडत होता, तर त्याला खाली बसवलंस. चार गावचे लोक हसले त्याला."

"हो."

"मग खरं काय? तेव्हाचं का आत्ताचं?"

ड्रोन डोक्यावर घोंघावत होता. वेदा येऊन शेजारी उभी राहिली.

"आत्ताचं. ही पट्टी राहिली तर तीन पेट्या जगतील, आणि पुढच्या वर्षी तिनाच्या सहा करता येतील," प्रांजल म्हणाली. मग तिचा आवाज चढला, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढा. "आप्पांचं बरोबर होतं, काका. मी चुकले. ते होते तेव्हा मी हे कधीच म्हटलं नाही."