एप्रनाची उलटी बाजू

दर सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गोडबोल्या एप्रनांचं गाठोडं आणून रफूबाईंच्या टेबलावर टाकायचा. कोंबड्या साफ करून पाकिटं भरणाऱ्या एका कारखान्याचा तो मुकादम. बोलणं असं, की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. तुटलेले बंद, फाटलेले खिसे, उसवलेल्या कडा, सगळं रफूबाई गुरुवारपर्यंत ठाकठीक करून देत. शाळा दुसरीतच सुटली होती, पण नुसता टाका बघून शिवणारीचा स्वभाव सांगत.

एका सोमवारी एका एप्रनाच्या खालच्या कोपऱ्यात काळे, वेडेवाकडे टाके निघाले.

“कुणी शिवलंय हे? पायाच्या बोटांनी?” म्हणत त्यांनी कात्रीच्या टोकानं सगळं टराटरा उसवलं आणि सरळ टीप घातली.

पुढच्या सोमवारी दुसरा एप्रन, तोच कोपरा, तेच टाके. त्यानंतरही तसंच. दर वेळी तेवढाच कोपरा हाताला गार लागायचा आणि त्याला नुकत्याच धुतलेल्या केसांचा वास यायचा. बाकीच्या एप्रनांना क्लोरीनचा. रफूबाई दर वेळी उसवत राहिल्या. पाचव्या खेपेला मात्र त्यांचं डोकं फिरलं.

“तुमच्याकडं सुई धरणारी कोण आहे हो?” त्यांनी गोडबोल्याला झापलं. “तिला म्हणावं, येत नसेल तर हात लावू नको. माझं काम दुप्पट होतं.”

गोडबोल्याचं हसू गालावरच वाळलं. “आत सुई न्यायला बंदी आहे, मावशी. एखाद्या पाकिटात गेली म्हणजे? बायांची मी रोज झडती घेतो.”

“रोज?”

“रोज. आत राहतात ना त्या. सोय केलीय आपण.”

तो गेला. रफूबाईंना दिवसभर काही सुचेना. झडती म्हणे. रोज म्हणे.

सहाव्या सोमवारी त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि एक टाका चिमटीत धरून हलकेच ओढला. तो सुटत आला, सुटतच आला. दोरा नव्हता. केस होता. लांब, काळा, मुळाशी ओलसर.

मग त्यांनी चाळीस वर्षांत प्रत्येक शिकाऊ पोरीला पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं, ते स्वतः केलं. कापड उलटं केलं.

उलट्या बाजूला टाके वेडेवाकडे नव्हतेच. एक बसकं घर होतं. दाराला कडी, कडीला कुलूप, तेही बाहेरून. घरामागं पाण्याची टाकी, तिचा एक पाय वाकलेला. दारामागं एकीला एक खेटून अकरा उभ्या रेघा. बारावी रेघ जमिनीलगत, आडवी.

“सूनबाई!” त्यांचा आवाज चिरकला. “इकडं ये. आधी दार लाव.”

सुनेनं पाहिलं आणि तोंडावर हात धरला. “आई, ही टाकी दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला आहे.”

“माहितीय मला. पाच वेळा, पाच वेळा सांगितलं गं तिनं. मी मेली टाक्यांना नावं ठेवत बसले! आणि वर त्याच्यापाशी चुगली केली!” त्या उठल्या. “माणसं कोंडून ठेवतात आणि एप्रन रफूला धाडतात! कापड तेवढं फाटलेलं दिसतं यांना. तीच पाकिटं आपणही आणून खाल्ली. दे ती इस्त्री, जाऊन थोबाड शेकते त्याचं.”

“थांबा हो. तुम्ही तिथं पोचायच्या आत तो त्यांना दुसरीकडं हलवेल.” सुनेनं फोन काढला. दवाखान्यात, बायकांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद तिनं कधीतरी टिपून ठेवला होता: कुणाला डांबून राबवत असतील तर या नंबरवर सांगा, तुमचं नाव कुठंही जाणार नाही.

नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडची ताई शांत होती. नाव विचारलं नाही. टाकी, रस्ता, गोडबोल्याच्या गाडीचा रंग, तो दुकानात येण्याची वेळ, एवढंच विचारलं. शेवटी म्हणाली, “एप्रन जपून ठेवा. आणि त्याला कसलाही संशय येऊ देऊ नका. हे सगळ्यांत अवघड.”

गुरुवारी गोडबोल्यानं एप्रन मोजले. “एक कमी आहे, मावशी.”

तो एप्रन रफूबाईंच्या बुडाखाली, खुर्चीवर होता. कापडातून गारवा चढत होता.

“जळाला,” त्या म्हणाल्या. “इस्त्रीखाली. हात चळला माझा.”

“तुमचा?” तो खदखदून हसला. “म्हातारपण आलं म्हणायचं!”

“आलं बाबा,” रफूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून चिंधीसुद्धा जळाली नव्हती. जीभ दाताखाली धरून त्यांनी गाठोड्याला गाठ मारली.

शुक्रवारी दुपारी कुलूप तुटलं.

आठवड्यानं एक साधीशी बाई उसवलेली पिशवी घेऊन दुकानात आली. आवाजावरून रफूबाईंनी ओळखलं. फोनवरची ताई.

“अकरा जणी सुखरूप आहेत. कुठं आहेत ते सांगणार नाही. तो कोठडीत आहे.”

“बारा रेघा होत्या.”

ताई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. “त्या अकरा जणींच्या डोक्यावर बोटभरही केस नाहीत. पाकिटात जातात म्हणून त्यानं सगळ्यांचे कापले. एक होती म्हणे, तिनं कापू दिले नाहीत. तो सांगतो, ती दोन वर्षांपूर्वीच घरी गेली.”

“कुठल्या घरी?” रफूबाई कडाडल्या. “विचारा त्याला! कुठल्या घरी?”

“विचारतोय,” ताई म्हणाली.

एप्रन ती घेऊन गेली. ओढून काढलेला तो एक केस मात्र रफूबाईंनी रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवला होता. तो त्यांनी दिला नाही.

चार महिने गेले. एका नव्या गिऱ्हाईकानं, कुठल्याशा मोठ्या लॉजनं, उश्यांचे अभ्रे रफूला पाठवले. रफूबाई आता प्रत्येक कापड आधी उलटं करत. तिसऱ्या अभ्र्याचा कोपरा गार लागला.

उंच इमारत. तळघराला एकच खिडकी. खिडकीत सात रेघा. सातही उभ्या.

“सूनबाई, फोन लाव,” त्या म्हणाल्या.

फोनची घंटी वाजत होती, तोवर त्यांनी एक टाका सोडवला. रिळावरचा केस उलगडून शेजारी ताणून धरला.

नवा केस तसाच काळा, मुळाशी ओलसर, पण जुन्यापेक्षा चार बोटं जास्त लांब होता.