रंगीत खडूंचं गणित

आधी राग लिहिते. प्रेम मागाहून, जागा उरली तर.

जानेवारी, मिनेसोटा. कॉलेजच्या व्यायामशाळेत विषय निवडायची टेबलं मांडलेली. बाहेर बर्फ, आत ओल्या बुटांचा वास. मी, पान्या, नाटकांचे पोशाख शिवायला शिकते. तरी पदवीसाठी गणिताचा एक विषय पास व्हावाच लागतो. का, ते विचारायचं नाही. माझं हे शेवटचं सत्र. आईनं मे महिन्यातल्या पदवीच्या समारंभासाठी लाओसहून येऊन इथे वसलेलं आमचं सगळं हमोंग गोत आत्ताच जेवायला बोलावून ठेवलंय... म्हणजे नापास व्हायची सोयच नाही.

गणिताच्या टेबलापाशी एक उंच मुलगा. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, जॅकेटच्या बाहीकडे, आणि म्हणाला, "तू 'नक्षी आणि सममिती' घे. तुला मस्त जमेल."

त्या विषयाला कॉलेजभर रंगीत खडूंचं गणित म्हणतात. ज्यांना काहीच येत नाही, त्यांचं.

"आणि कॅल्क्युलस?"

"ते कशाला घेतेस? तुला त्याचा—"

वाक्य पुरं होऊ दिलं नाही. कॅल्क्युलसच घेतलं. त्याच्या देखत.

इथे एक परिच्छेद होता, त्यात मी हुशार निघते. खोडला.

पहिल्याच चाचणीत आपटले. विषय बदलायची मुदत शुक्रवारी संपणार होती. गुरुवारी दुपारी गणिताच्या मदतखोलीत गेले, तर फळ्यापाशी तोच. नाव ॲन्सेल. थंडीनं कान लाल, नाकावर खडूची भुकटी. त्यानं सगळं नीट समजावलं, दोनदा. मला काही कळलं नाही, फक्त त्याचा आवाज हळू आहे एवढं कळलं. याचाही राग आला.

शेवटी म्हणालेच. "पहिल्याच दिवशी तू मला ढ ठरवलंस."

"मी?" तो गोंधळला. मग बाहीकडे बोट... पण हात लावला नाही. "ही नक्षी कोणी केली?"

मी केली, म्हटलं. आमच्या हमोंग भरतकामातल्या गोगलगायी आहेत, वेटोळ्यावेटोळ्यांच्या.

"त्या अर्धा फेरा फिरवल्या तरी तशाच दिसतात. आरशात धरल्या की उलट्या. हे कागदावर काढताना आमची अख्खी तुकडी चुकते. तू सुईनं केलंस... म्हणून म्हटलं, तुला जमेल."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोलू दिलंस कुठे?"

हे खरं होतं. म्हणून जास्तच चीड आली. तरी विचारलं, ते अर्धं वाक्य काय होतं?

"तुला त्याचा कंटाळा येईल. मलाही येतो, कोणाला सांगू नकोस."

मग मान खाली घालून म्हणाला की त्यालाही नियम आहे, कलेचा एक विषय हवाच, आणि तो वर्षानुवर्षं टाळत आलाय. काय घेऊ?

वाटच पाहत होते मी. "प्राथमिक शिवण. काहीच न येणारे तिथेच जातात. तुला मस्त जमेल."

तो हसला नाही. "तू असशील तिथे?"

"असते. मशीन वापरायला."

"मग घेतो."

शुक्रवारी ग्रंथालयात एकाच संगणकापुढे बसून दोघांनी विषय बदलले. त्याचं कोपर माझ्या गोगलगायींना टेकलेलं. मी बाही काढून घेतली नाही.

थोडी जागा उरलीय.

त्याला अजून सुई ओवता येत नाही. मी शिकवत नाही. दर वेळी तो दोरा घेऊन माझ्याकडेच येतो.