दुसरी सही

चहाचे पैसे दिल्यावर परत मिळालेली चिल्लर माणूस कशी घेतो? मूठ पुढे करतो, खिशात ढकलतो आणि चालू लागतो. तिच्या पुढे उभ्या असलेल्या तरुणाने तसं केलं नाही. त्याने एकेक नाणं चिमटीत बरोबर कडेने उचललं आणि दोन्ही बाजूंना बोटही न लावता अलगद खिशात सोडलं.

तिला हसू आवरलं नाही.

"सांभाळून हं," ती म्हणाली. "बोटांचे ठसे उमटले तर चहावाला किंमत पाडेल."

तो दचकून वळला. काहीतरी बोलणार, तोच त्याची नजर तिच्या हाताकडे गेली. तिच्याही चिमटीत नाणं होतं, आणि तेही कडेने धरलेलं.

"तुम्हीसुद्धा…?"

"मीसुद्धा काय?"

"नाही — काही नाही," असं म्हणून त्याने उरलेला चहा एका दमात संपवला, जीभ भाजून घेतली आणि चालता झाला. दिसायला बरा होता, पण चेहरा असा कोरा की आत काय चाललंय याचा थांगपत्ता लागू नये.

ती रस्ता ओलांडून आत्याच्या ऑफिसात पोचली, तर हाच माणूस तिच्या टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीजवळ उभा.

"हा आपला नवा पारखी," आत्या म्हणाली. "आजपासून तुझ्यासमोर बसेल."

"आमची ओळख झालीय," ती म्हणाली. "या, कडेवाले."

नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

आत्याच्या ऑफिसात जुन्या चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्यांचा दर्जा ठरवून मिळे. प्रत्येक नाणं दोघांनी बघायचं. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. चिठ्ठ्या घडी करून आत्याकडे जात, त्या जुळल्या की नाणं पारदर्शक पाकिटात बंद होई आणि त्यावर दोघांच्या सह्या होत. त्या सह्यांवर गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवत. पूर्वी आत्या आणि आतोबा दोघं मिळून सही करायची. एकदा एक गिऱ्हाईक भर ऑफिसात म्हणालं, नवऱ्याने लिहायचं आणि बायकोने मान डोलवायची, याला पारख म्हणतात का? आत्याने त्याच दिवशी नियम केला: नात्यातल्या दोघांनी एका पाकिटावर सही करायची नाही. स्वतःच्या भाचीबरोबरही तिने कधी सही केली नाही.

या भाचीला सगळे घार म्हणत. नाण्यावरच्या राजाच्या कानामागची एक बट झिजलेली असली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. कुणी पावडर लावून घासूनपुसून लखलखीत केलेलं नाणं आणलं, की ती ते दिव्याखाली कलतं करी. खरी चमक नाण्याबरोबर गोल फिरते. घासलेली चमक एका जागी मेल्यासारखी पडून राहते आणि भिंगातून बारीक ओरखडे दिसतात. आपली नजर चुकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवण्याची तिला कधी गरज वाटली नव्हती.

ऑफिसात आणखी एक शिस्त होती. नाणं उघडं असताना तोंड उघडायचं नाही. थुंकीचा एक बारीक कण उडाला तरी चांदीवर डाग पडतो आणि तो पुन्हा जात नाही. त्यामुळे दोघं समोरासमोर, मध्ये एक दिवा, आणि दोघांची तोंडं बंद. बोलायचं ते एक नाणं बंद होऊन दुसरं उघडेपर्यंत.

पण तेवढ्यात पुष्कळ बोलून होतं.

"आज गप्प का?"

"नाणं उघडं होतं."

"आता बंद आहे."

"हो… आता सुचत नाहीये."

"तुम्ही ना, नाणं कडेने धरता आणि बोलताही कडेकडेनेच. मधोमध कधी येणार?"

त्याने नवं नाणं उघडलं. पण त्याचे कान लाल झालेले तिने बघितले. घारच ती.

चिठ्ठ्या मात्र रोज जुळत. तो आल्यापासून एकही उलटी पडली नव्हती. तांब्याच्या नाण्यांचं टेबल सांभाळणारे, आणि म्हणून सगळ्यांनी तांबेकाका करून टाकलेले म्हातारे पारखी भिंतीपलीकडून म्हणत, "अरे, पत्रिकासुद्धा इतक्या जुळत नाहीत." ती मोठ्याने हसे. तो भिंग पुसत बसे.

मग एक दिवस चिठ्ठी जुळली नाही.

एका दातांच्या डॉक्टरांचं नाणं होतं. तिने लिहिलं होतं व्हेरी फाइन. त्याने एक पायरी वर, एक्स्ट्रा फाइन. आत्याने दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि "भांडा" एवढंच म्हणून ती निघून गेली.

"राजाचा गाल बघा, सपाट झालाय," ती म्हणाली. "झिजलंय. यात बोलण्यासारखं काय आहे?"

"झिजलेलं नाही. ठसाच कमी उठलाय."

"कशावरून?"

"कलतं करून बघा… गालावर."

तिने तोंड मिटलं आणि नाणं दिव्याखाली कलतं केलं. झीज झाली असती तर गालावरची चमक आधी गेली असती. पण चमक गालावरूनही सरळ फिरत गेली, कुठेही न अडता. राजाचा गाल जन्मापासूनच सपाट होता. टाकसाळीत दाब कमी पडला होता, इतकंच.

तिने नाणं झाकलं. "तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

असं ती आजवर त्या टेबलावर कुणाला म्हणाली नव्हती. वाईट वाटेल म्हणून तिने थोडी वाट बघितली. वाटलं नाही. उलट घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती, आणि जिना चढताना तिने स्वतःशी सरळ मान्य करून टाकलं, की हा माणूस आपल्याला आवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने तिला बाजूला घेतलं.

"कडेवाल्याला तुझ्यासमोरून उठायचंय. तांब्याच्या टेबलावर बसतो म्हणतोय. कारण विचारलं तर खाली बघतो. काही बोललीस का त्याला?"

तिच्या मनात आलं, रोज चार शब्दांसाठी पाकीट बंद व्हायची वाट आपण एकट्याच बघत होतो की काय? पण कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारी ती नव्हती. ती तडक जाऊन खुर्चीत बसली.

"तांब्याच्या टेबलावर जायचंय म्हणे."

त्याने समोरच्या उघड्या नाण्याकडे बोट दाखवलं. तिने त्यावर झाकण ठेवलं.

"झाकलं. बोला."

"तांब्याची नाणीही… अभ्यासाला चांगली असतात."

"मधोमध या."

त्याने भिंग उचललं, परत ठेवलं.

"कालचा राग आलाय का?" तिने विचारलं. "मी मान्य केलं होतं."

"राग? छे. उलट — काल तुम्ही नाणं फिरवत होतात तेव्हा मी नाण्याकडे बघतच नव्हतो." तो आता सरळ तिच्याकडे बघत होता. "आतापर्यंत चिठ्ठ्या आपोआप जुळायच्या. आता त्या जुळाव्यात असं मला वाटतं. पारख्याला असं वाटून चालत नाही. आणि बाईंचा नियमही आहेच, नात्यातल्या दोघांनी एका पाकिटावर सही करायची नाही."

"अहो, पण आपण कुठे नात्यातले आहोत?"

"अजून नाही," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. चेहरा नेहमीसारखाच कोरा, कान तेवढे लालबुंद. इतके दिवस समोर बसून जे तिला दिसलं नव्हतं ते आता स्पष्ट दिसत होतं. ठसा कमी उठला होता, चमक सगळी जागच्या जागी होती.

तिने झाकलेलं नाणं पाकिटासकट आत्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"आत्या, याच्यावर दुसरी सही तांबेकाकांची घे."

आत्याने चष्म्यावरून बघितलं. "का? भांडलात?"

"नाही. तुझाच नियम आहे."

आत्याला समजायला वेळ लागला नाही. तिने एकदा भाचीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"तांब्याच्या टेबलावरचा दिवा मिणमिणता आहे," ती त्याला म्हणाली. "आजच नवीन बसवून घे." आणि पाकीट उचलून ती तांबेकाकांना हाक मारत भिंतीपलीकडे गेली.

भाचीने आपल्या खुर्चीत परत बसून टेबलावरून हात पुढे केला. त्याने तो घेतला — बोटांच्या टोकांनी, अगदी कडेने.

"नाणं नाही हे," ती म्हणाली. "नीट धर."

त्याने नीट धरला.