न छेडलेल्या तारा

कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. पण गेल्या मार्गशीर्षात, जबलपुरात, ओमती मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत दिवेलागणीला घडलेली ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. भूतबीत न मानणाऱ्यांनी तर आवर्जून ऐकावी.

वसुधाचे वडील चिंतामणी स्लाइड गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत. मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा. त्यांना कोणी छेडत नाही. जवळ कोणी त्यांचा सूर लावला, की त्या आपोआप गुणगुणतात.

घरची एक जुनी गत होती, वाद्यावर वाजवायची बंदिश. लिहायची नाही, गाऊनच शिकवायची. चिंतामणींनी ती लेकीला अर्धी शिकवली…

आणि गेले.

वसुधाचा मुलगा सुशांत शिकायला तयार होता. पण त्याला द्यायचं काय? अर्धी गत?

त्या घरात रीत होती. गुरू गेला की तेराव्यानंतर तरफा उतरवायच्या आणि शिष्याने आपल्या सुरात लावून घ्यायच्या. वसुधाच्याने ते होईना. बाबांचा सूर तेवढाच तर उरला होता.

त्या संध्याकाळी लाइट गेले. फ्रिजची घरघर थांबली. घरात ती एकटी. तिने अर्धी गत वाजवली, कांडी उचलली.

तरफा वाजतच राहिल्या…

तिने तळहाताने त्या दाबल्या. शांत.

हात काढला…

पुढचा सूर आला. तिला न शिकवलेला.

खोलीत कोणी गात नव्हतं. बाहेर ऑटोंचा गलकाही नाही. एरवी भुंकणारं कुत्रंही नाही.

"बाबा?"

तरफा थरथरल्या.

पळावंसं वाटलं. पण गत हवी होती. ती एकेक सूर कांडीने उचलत गेली. दर सुराला गळ्यात काहीतरी आवळत होतं…

गत पुरी झाली. लाइट आले.

दारात सुशांत उभा. "आई, काहून रडून राहिली?"

तिने तोंड उघडलं.

आवाज नाही.

गत हाती आली, गळा गेला. आता पोराला गाऊन शिकवणार कोण? त्या दिवसापासून वसुधाच्या तोंडून शब्द फुटलेला नाही…

"काय थापा मारता, आजोबा," ऐकत बसलेली दीपा म्हणाली. ती वसुधाकडेच गिटार शिकते. "कालच तर ताई मला ती गत गाऊन शिकवून राहिल्या होत्या. घसा बसलाय म्हणे. आवाज तेवढा म्हाताऱ्या माणसासारखा येतो."