रोझानने न पाहिलेली जागा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ज्याच्याबाबत हे घडलं तो माझा नवरा, हार्लन, आत्ता बाहेर अंगणात ट्रेलरच्या चाकांत हवा भरतोय.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या आर्कान्सामधली व्हाइट नदी.

हार्लनची पहिली बायको रोझान आजारपणात गेली. त्यानंतर काही वर्षांनी मी या घरात आले. दर ऑक्टोबरमध्ये आम्ही राहण्याचा ट्रेलर गाडीला जोडून नदीकाठी मुक्कामाला जातो.

आणि दर वेळी तेच.

"इथे रोझानने केवढा ट्राउट मासा पकडला होता!"

"कोरिन, हे झाड बघ. याच्याखाली रोझान नाचली होती."

मी हसायचे. आतून जळून खाक व्हायचे.

म्हणून गेल्या वर्षी मी ठणकावून सांगितलं, "या वेळी ट्रेलर लावायचं आरव्ही पार्क मी निवडणार."

कितीतरी पार्क पाहिली. सावली, नदी, वीज-पाण्याची सोय, सगळं नंतर. प्रत्येक ठिकाणी फोन करून पहिला प्रश्न एकच... "तुमचं पार्क सुरू कधी झालं?"

शेवटी एक सापडलं. अगदी नवं. रोझान गेली तेव्हा तिथे नुसतं कुरण होतं.

माझी बहीण मॅक्सिन फोनवर खो खो हसली. "मेलेल्या बाईवर जळतेस? शोभतं का या वयात?"

"नाही शोभत. जळते."

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. हार्लन म्हणाला, "तू आधी पार्कच्या ऑफिसमधून शेकोटीची लाकडं घेऊन ये, मग ट्रेलर मागे घेऊ."

ट्रेलर मागे घेत जागेवर लावणं म्हणजे आमचं हमखास भांडण. मी मागून ओरडणार, "डावीकडे! अरे, डावीकडे!" तो ओरडणार, "कोणाच्या डावीकडे?" चार-पाच खेपा तर ठरलेल्याच.

मी लाकडं घेऊन परतले.

ट्रेलर जागेवर उभा होता. एकदम सरळ.

"कोणी मदत केली?"

"म्हणजे? तूच तर." हार्लन खुशीत होता. "आणि आज ओरडली नाहीस हं. किती गोड बोललीस... ये राजा, ये... अजून मागे... बस."

माझ्या हातातली लाकडं खाली पडली.

मी त्याला कधीच राजा म्हटलेलं नाही.

शेजारच्या जागेवर ऑटिस नावाचा म्हातारा मासे साफ करत होता. मी त्याला हळूच विचारलं.

"मागे कोणी नव्हतं, बाई," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर एकटेच गाडीच्या खिडकीतून हसून बोलत होते. मला वाटलं, फोनवर असतील."

रात्री जेवताना मी हार्लनला विचारलं, "राजा कोण म्हणायचं तुला?"

त्याने मक्याचा पाव मोडला आणि नदीकडे बघत राहिला. चेहऱ्यावर एक हसू होतं... माझ्यासाठी कधीच नसलेलं.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी राग आला. इतकं शोधून जागा काढली, आणि ही बया इथेही हजर!

सकाळी जाग आली तेव्हा हार्लन गळ घेऊन गेलेला. बाहेर धुकं. नदीचा आणि पक्ष्यांचा आवाज तेवढा येत होता.

आणि त्या आवाजात... हार्लनचं हसणं.

मी तशीच काठावर गेले. हसणं थांबलं.

धुक्यात कोणी दिसेना. मग माझा संयमच सुटला.

"रोझान! ही जागा माझी आहे. मी निवडलीय. तू जा इथून!"

पक्ष्यांचा आवाज बंद झाला.

मग पाठीमागून, ट्रेलरच्या बाजूने, गोट्यांवर पावलं वाजली. सावकाश. माझ्याकडे येणारी...

मी वळले आणि एक पाऊल मागे, नदीकडे सरकले.

"ये..."

बाईचा आवाज. अगदी मऊ.

"ये... अजून मागे..."

पाय माझं ऐकत नव्हते. मी मागे जात होते. पोटऱ्यांना बर्फासारखं काहीतरी लागलं, तरी जात होते. वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधी वाजतो तो भोंगा वाजत होता. मला तो कुठूनतरी फार लांबून ऐकू येत होता.

"अजून मागे..."

पाणी कमरेला लागलं.

कोणीतरी माझा दंड धरून खसकन ओढलं. हार्लन! दोघंही गोट्यांवर आपटलो. बघता बघता मी उभी होते तिथून पाणी घोंघावत गेलं.

"वेडी झालीस का?" तो ओरडला. "ऐकू नाही आलं तुला? केव्हाची ती बस, बस म्हणून ओरडत होती!"

"कोण ती?"

हार्लनने माझा दंड सोडला आणि नदीकडे पाहिलं.

त्याच दुपारी आम्ही निघालो.  मला त्या आवाजाने पाण्यात नेलं, आणि त्याला तोच आवाज मला वाचवताना ऐकू आला. कोणाचं खरं? आजही माहीत नाही.

मागच्या आठवड्यात हार्लनने मला न विचारता तेच पार्क ठरवलं. तीच जागा. जेवताना म्हणाला, "तुला भीती वाटत असेल तर नको येऊस. मी एकटा जाईन."

किती सहज म्हणाला.

मॅक्सिन म्हणते, जाऊ नकोस, जीव प्यारा असेल तर घरी बस.

पण मी कपडे भरलेत.

मी नाही गेले, तर हार्लन घरातून एकटा निघेल...

पण तिथे तो एकटा नसेल.