इरेनच्या खोलीतला रेडिएटर

लुइस्टनमधल्या जुन्या घरांच्या खोल्या गरम ठेवणारे बॉयलर मी तीस वर्षं दुरुस्त करतोय. रोलां ग्राँमेझोंच्या तळघरातला बॉयलर बिडाचा, माझ्याहून वयानं मोठा, पण ठणठणीत. सगळ्या घराला एकच पंप, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांमधून फिरणारा गरम पाण्याचा एकच फेरा. रोलांच्या दुसऱ्या बायकोनं, कोलेटनं, स्वयंपाकघरामागे शिवणाची खोली बांधून घेतली होती. तिच्यासाठी दुसरा फेरा काढायचा होता. पंप वेगळा, थर्मोस्टॅट वेगळा.

दोन दिवसांत काम उरकलं. पाइपांतली हवा काढून पंप सुरू केला. नव्या खोलीकडे जाणारा पाइप चटका देऊ लागला. तासाभरानं तोच पाइप बर्फासारखा गार. पंप फिरत होता, झडप उघडी होती. पुन्हा हवा काढायला गेलो, तर हवा नव्हतीच.

"वर जाऊन बघा," कोलेट म्हणाली. "सगळी ऊब तीच ओढून घेते."

ती म्हणजे इरेन, रोलांची पहिली बायको. तिला वारून तीन वर्षं झाली होती. रोलां रोज कामावरून आला की तिच्या खोलीत रेडिएटरपाशी बसतो, हे कोलेटनं मला शिवणयंत्र पुसत सांगितलं. माझ्याशेजारी तो इतका वेळ कधी बसला नाही, म्हणाली.

मी वर गेलो. रेडिएटरचा नळ घट्ट बंद होता, तरी बीड तापलं होतं. नळ आतून गळत असेल, असं मी खाली येऊन कोलेटला समजावलं.

"मग पाइपच कापून टाका. रोलां यायच्या आत."

खरं तर रोलांला विचारायला हवं होतं. पण तिच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. पाणी उतरवलं, त्या खोलीचे दोन्ही पाइप तळघरात कापले, तोंडं बंद केली, पुन्हा पाणी भरलं. नवी खोली हळूहळू तापली. त्या दोन दिवसांत कोलेट पहिल्यांदा हसली.

चारला रोलां आला. बुटांवरचा बर्फ झटकून सरळ वर गेला. आम्ही खाली त्याच्या ओरडण्याची वाट बघत उभे राहिलो.

तो ओरडला नाही. अर्ध्या तासानं उतरला, म्हणाला, "आज वर छान ऊब आहे."

कोलेट जिना चढली. मी मागोमाग.

मी रेडिएटरला हात लावला. गरम होता.

त्यावर रोलांचे लोकरी हातमोजे वाळत होते. शेजारी बायकी हातमोज्यांची एक जोडी होती. कोलेट आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती.

त्या जोडीवरचा बर्फ अजून वितळत होता.