शिवेवरची हाक

अबोली, तो मोबाईल ठेव बघू खाली. ही ऐकीव गोष्ट नव्हे. कंग्राळीच्या भावकूनं मला स्वतः सांगितलेली आहे, आणि खोटं बोलायची अक्कल देवानं त्याला दिलेलीच नाही.

त्याचा एकुलता एक मुलगा युवराज मुंबईच्या पश्चिमेला, भर समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता. जून महिन्यात तोल जाऊन पाण्यात पडला. सापडलाच नाही. घरात भावकू एकटा उरला.

त्यांच्याकडे परमुलखात गेलेल्या माणसाला अमावस्येला शिवेवरून हाक मारून घरी आणतात. तो गेला त्या दिशेला तोंड करून. मी पडलो भूगोलाचा मास्तर, म्हणून भावकू दिशा विचारायला माझ्याकडे आला. मी नकाशा उघडला. कंग्राळीहून बरोबर वायव्येला. वर पाऊणशे मीटर पाणी, त्याखाली खोल चुनखडीचा उंचवटा, त्यात तेल. एक उत्तरेचा भाग, एक दक्षिणेचा, मधे चिखलाच्या दगडाची पट्टी.

"म्हंजे शिवारच की सर," तो म्हणाला. "मदी बांध बी हाय." त्याला जरा बरं वाटलं.

एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. रात्रीचे सव्वाअकरा. मार्कंडेय नदीकडची शीव, कापलेल्या भाताची खुंटं, आणि भावकू एकटा.

"युवराजा, घरला चल रं..."

नाव घ्यायचं आणि गप्प माघारी फिरायचं, एवढंच असतं. पण एकट्याला जेवायला बोलावणं त्याला जमतंय कुठलं? सवयीनं बोलून गेला, "संगट कोण असंल त्यास्नी बी घिऊन ये."

चालू लागला. मागं वळायचं नाही...

मागं पावलं वाजली. एकाची नव्हेत. जड. ओली.

"युवराजा?"

...

घर आलं. त्यानं दार उघडं ठेवलं, ताट वाढलं, भिंतीकडे तोंड करून बसला. पाठीमागं कुणीतरी श्वास घेतला. मग... काहीच नाही.

उजाडल्यावर तो मला बोलवायला आला. मी या डोळ्यांनी बघितलं. उंबऱ्याबाहेर पाच जोड बूट. जाड, कामगारांचे, पाहुण्यांनी काढून ठेवावेत तसे नीट. बुटांत पाणी साठलेलं. बोट बुडवून चाखलं. खारट. अंगणात ओल्या बुटांचे ठसे दारापर्यंत आलेले, माघारी गेलेला एकही नव्हता.

भावकू उकिडवा बसून एकेक बूट उलटा करून तळाचा नंबर बघत होता.

"सर," तो म्हणाला, "ह्यात माझ्या पोराचा एक बी न्हाय ओ."